तिघांचा एक श्वास

१

कागदावर एका माणसाचा श्वास उमटला होता, आणि त्याच श्वासाने त्याची नोकरी खाल्ली होती.

ऑरेलिया तोव्हारने चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा नाकावर आणला. कागद होता तसाच राहिला. निवांत बसलेल्या माणसाचा श्वास कागदावर वाळूच्या टेकड्यांसारखा दिसतो, चढ आणि उतार, चढ आणि उतार. हा जिन्यासारखा होता. वर, मग थांबा. आणखी जरासा वर, पुन्हा थांबा. आणि मग लांबलचक, सावकाश उतार. पानभर तेच जिने.

"दिसलं?" लॉइड केटरिंगने विचारलं. सूर्यफुलाची बी दातांत फोडून त्याने टरफल कागदी कपात थुंकलं. आयुष्यभर त्याने शेरिफच्या कचेरीत संशयितांचा पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायची चाचणी, घेतला होता. निवृत्त झाल्यावर पालो सेको शहराने त्याला बोलावलं आणि अग्निशमन दलात भरती होणारी पोरं त्याच्या खुर्चीवर बसू लागली. खुर्ची बदलली, माणूस तोच.

"दिसतंय," ऑरेलिया म्हणाली. "काय दिसतंय ते तू सांग."

"हा श्वास आपोआप येत नाही. शिकवावा लागतो. यंत्राला गंडवायचा सगळ्यात जुना डाव आहे हा. आणि माणूस कुठला? अफगाणिस्तानचा. तिथे काय काय शिकवत असतील, ते मी तुला सांगायला हवं?"

"तिथे तो आपल्याच अमेरिकी हवाई तळावर आग विझवायचा, लॉइड."

"तेच म्हणतोय मी."

"काय तेच?"

केटरिंगने उत्तराऐवजी आणखी एक बी फोडली. मग कागदाच्या शेवटावर बोट ठेवलं. "आणि हे बघ. शेवटचा प्रश्न. या चाचणीसाठी तुला कुणी काही शिकवलं का? म्हणाला, नाही. बोटांच्या घामाची रेघ कुठे गेलीय बघ. सरळ छताला. खोटं बोलला, आणि खोटं बोलायची तयारी करून आला होता."

फरीदून नियाझी त्याचं नाव. लेखी परीक्षेत पहिला, शिडीवर पहिला, खांद्यावर पाइप घेऊन धावण्यात दुसरा. तक्रार त्याने केलीच नव्हती. त्याच्या बायकोने केली होती, त्याला न विचारता, आणि तक्रारीत एकच वाक्य होतं: माझा नवरा खोटारडा नाही, हा शिक्का पुसा. पॉलिग्राफनंतर नाकारलं की लोक तोच अर्थ काढतात; 'नापास' हा शब्द आसपासच्या सगळ्या दलांना कळतो आणि माणूस पुन्हा कधी बंबावर चढत नाही. नव्या तुकडीची नावं शुक्रवारी दुपारी बारा वाजता पक्की होणार होती. आज मंगळवार.

"कारण कुणाकुणाला कळवलंस?"

"कुणालाच नाही. कारण माझ्या कपाटात राहतं. चीफला एकच शब्द जातो, पास नाहीतर नापास. उमेदवाराला तोही नाही, नुसतं 'निवड झाली नाही'. वकिलाची तशी ताकीद आहे. मी पाहिलं, आता तू पाहिलंस. संपलं." केटरिंग उठला, कपाट उघडून आणखी दोन कागद काढले. "आता आलीच आहेस तर हेही बघ. मागच्या काही वर्षांतले. एक एरिट्रियाचा, एक फिलिपिन्सचा."

त्याने तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. वर, थांबा, जरासा वर, थांबा, लांब उतार.

"हे लोक एकमेकांना शिकवतात," केटरिंग म्हणाला.

ऑरेलियाने मनात हिशेब केला. एरिट्रियाचा मुलगा मिनेसोटाला निघून गेला होता, तोही फरीदून या देशात येण्याआधीच. फिलिपिनो आता शाळेची बस चालवत होता आणि त्याने त्या दोघांची तोंडंही पाहिली नव्हती. तीन देश, तीन भाषा, आणि छातीत श्वास मात्र एक.

मग त्यांना शिकवलं कुणी?

२

ऑरेलियाने अर्धं आयुष्य याच शहराचा बंब चालवला होता. मग एका छतावरून उतरताना उजवा गुडघा गेला आणि शहराने तिला नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर बसवलं, कर्मचाऱ्यांच्या भेदभावाच्या तक्रारी ऐकायला. जुने सोबती तिला 'रडगाणी खातं' म्हणायचे. तिला त्याचं काही वाटायचं नाही. रडणाऱ्याला आधी रडू द्यावं, मग नाव-गाव विचारावं, हे तिला आगीनेच शिकवलं होतं.

बटालियन चीफ रिक साल्सेडो मात्र रडणाऱ्यांतला नव्हता.

"सरळ विचार ना," तो म्हणाला. "फ्रेडची जागा गेली तर ती माझ्या भाच्याला जाते. तेच विचारायला आलीस."

"फ्रेड कोण?"

"तो फरी... अफगाण. पोरं फ्रेड म्हणतात त्याला."

"त्याला विचारून म्हणतात?"

साल्सेडोने पेन टेबलावर टाकलं. "तोव्हार, माझी आजी सीमेपलीकडच्या नोगालेसवरून चालत आली. मला शिकवू नकोस. केटरिंगच्या खोलीत काय होतं ते मला दिसत नाही आणि बघायची परवानगीही नाही. एक शब्द येतो. नापास. मी का म्हणून विचारत नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. भाच्याचा आला तेव्हाही नाही."

तो खरं बोलत असावा असं तिला वाटलं, आणि तेच तिला आवडलं नाही. फायदा याचाच होत होता. ती निघाली तेव्हा तो मागून म्हणाला, "गुडघा कसाय?" त्यात टोमणा नव्हता, त्यामुळे तिला अजूनच वैताग आला.

तिथून ती चार नंबरच्या ठाण्यावर गेली. कारण विचाराल तर भूक. चार नंबरला कॅप्टन डेल ऑस्टरमन हिरव्या मिरचीचा रस्सा करायचा आणि तिच्या उभ्या नोकरीत तिला पोटभर मिळालेलं ते एकच जेवण. कॅपनेच तिला घडवली होती. बंब मागे घेताना आरशावर नाही, कानावर भरवसा ठेव, हे त्याने शिकवलं. नवऱ्याने घर सोडलं त्या आठवड्यात तिची कामाची पाळी न सांगता स्वतः केली ती त्यानेच.

"ये पोरी," तो म्हणाला. केस पार पांढरे झाले होते, पळी हलवणारा हात मात्र तोच. "चव बघ. मीठ कमी वाटतं का?"

"तुम्हाला आजवर कुणी कमी म्हणालंय?"

"तोंडावर नाही."

शेजारच्या दालनातून एक चमत्कारिक गुणगुण येत होती, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. नवे उमेदवार काळ्या रंगाने रंगवलेले मुखवटे घालून जमिनीवर रांगत होते. पाठीवर हवेची टाकी, पुढे काही दिसत नाही. कॅप हा वर्ग स्वतःच्या सुट्टीत घ्यायचा, फुकट, ज्याला यायचं त्याने यावं. फरीदूनही यायचा. चीफचा भाचा ब्रेंडनही.

"फरीदूनचं कळलं," कॅप म्हणाला. दलात त्याचं नाव नीट उच्चारणारा तो एकटाच होता. "वाईट वाटलं गं. शिडीवर कसा चढायचा, खारीसारखा. आणि इतक्या चांगल्या पोराने नुसत्या श्वासावर जावं. असो. पाव घे."

ऑरेलियाने पाव घेतला. तिच्या डोक्यात साल्सेडोचा भाचा घोळत होता. रस्सा नेहमीसारखाच झकास झाला होता.

३

"तक्रार मागे घ्या, खालाजान," फरीदून म्हणाला.

"तक्रार तुझी नाहीच. तुझ्या बायकोची आहे. तिला सांग."

फरीदूनने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. ज़रमीना तिथे चहाची किटली घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा सांगत होता की सांगून काही उपयोग नाही. तिने वेलचीचा चहा ओतला, बदामांची बशी ऑरेलियापुढे सरकवली आणि नवऱ्यापुढची मागे ओढली.

"तळावर तुला कधी या यंत्रावर बसवलं होतं?" ऑरेलियाने विचारलं.

"दर वर्षी. तळावर काम करणाऱ्या प्रत्येक अफगाणाला. कुणाला खबर देतोस, कुणाचे पैसे घेतोस, सगळं विचारायचे." तो हसला. "दर वर्षी पास झालो. तुमचेच लोक होते, तुमचंच यंत्र."

"तेव्हा श्वास कसा घ्यायचास?"

"जसा येईल तसा."

"आणि इथे?"

फरीदूनचं हसू गेलं. त्याने चहाचा पेला उचलला, प्यायला नाही, पुन्हा ठेवला.

"इथे काय झालं, फरीदून? तळावरचा जिवावरचा प्रश्न जसा येईल तसा श्वास घेऊन पार केलास. इथे विचारतात शाळेत चोरी केलीस का, गांजा ओढलास का, आणि तू श्वास मोजून घेतोस. कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही."

"तेव्हाही हेच म्हणालास. यंत्राने मान्य केलं नाही."

खाली कुणाचा तरी कुत्रा उन्हाला भुंकत होता.

"आमच्याकडे," शेवटी तो म्हणाला, "ज्याने हातात हुनर दिला त्याचं नाव शिक्षेच्या जागी घेत नाहीत. त्याने शब्द मागितला, मी दिला. मला आता विचारू नका. पुन्हा खुर्चीत बसवलंत तर खोटं बोलणार नाही. पण नावही घेणार नाही. गप्प बसेन."

"गप्प बसणंही नापासच असतं."

"मग नापास."

ज़रमीना तिच्या मोडक्या इंग्रजीत काहीतरी पुटपुटली. ऑरेलियाने तिच्याकडे पाहिलं.

"झोपेत," ज़रमीना म्हणाली. "दोन आठवडे झोपेत पण तसाच श्वास. थांबतो, घेतो, थांबतो. मग म्म्म्म. मला वाटलं आजारी आहे."

"म्म्म्म?"

"ज़रमीना," फरीदून म्हणाला, आणि त्या एका शब्दात इतकी विनवणी होती की ती आत निघून गेली.

ऑरेलियाला वाटलं, हुनर देणारा तळावरचा कुणी जुना माणूस असेल. तिला तसं वाटून घ्यायचं होतं, हे मात्र तिच्या लक्षात आलं नाही.

४

नगरपालिकेची लिफ्ट गुरुवारी बंद होती. लिफ्टची तशी सवयच होती.

ऑरेलिया कठडा धरून चढली. पहिल्या वळणावर गुडघ्यात कळ आली आणि ती थांबली. छातीत श्वास भरलेला. तो तिने सोडला नाही. वर आणखी एक घोट हवा घेतली, पुन्हा धरून ठेवली आणि मग ओठ मिटून, घशातून गुणगुणत, सावकाश सोडली. म्म्म्म.

ती तिथेच पायरीवर बसली.

हा श्वास तिने कधी पाहिला नव्हता. घेतला होता, हजारदा. टाकीतली हवा संपत आली, धुरात दार सापडत नाही, अशा वेळी हवा पुरवायची ही युक्ती. आत घे, धर, घोटभर अजून घे, धर, गुणगुणत सोड. दलातला प्रत्येक जण ती छातीने ओळखतो. कागदावर काढून दाखवलेली मात्र कुणीच ओळखली नसती, आणि तिने स्वतः तीन दिवस ओळखली नव्हती. मुखवट्याच्या आत चित्र दिसत नाही.

अर्ध्या तासात ती केटरिंगच्या खुर्चीत बसली होती.

"हा काय पोरखेळ आहे?" केटरिंग कुरकुरला, पण छातीला आणि पोटाला रबराच्या नळ्या बांधल्या, दंडाला पट्टा, बोटांना धातूच्या पट्ट्या.

"काहीही विचार. माझं नाव विचार."

त्याने नाव विचारलं, गाव विचारलं, शाळेत कुणाचा डबा चोरलास का विचारलं. ऑरेलियाने डोळे मिटून श्वास घेतला, जळत्या गोदामात असल्यासारखा. मग उठून त्या तीन कागदांशेजारी चौथा ठेवला.

चार जिने.

केटरिंगच्या तोंडातली बी तशीच राहिली.

"मला कुठल्या देशाने शिकवलं असेल, लॉइड?"

"हे... दलाचं आहे?"

"चार नंबरच्या दालनात शिकवतात. तुझ्या खिडकीतून दिसतं. आता खरं सांग. साल्सेडोच्या भाच्याचा श्वास कसा होता?"

केटरिंगने खिडकीकडे पाहिलं. "घाबरला होता. मध्येच धरून ठेवायचा. मी म्हटलं, बाबा, जरा पाणी पी, मोकळा बस, पुन्हा सुरू करू."

"फरीदूनला पाणी दिलंस?"

म्हातारा वाईट नव्हता, पण वाईट नसण्याचा फरीदूनला काय उपयोग झाला होता?

"नाही दिलं," तो म्हणाला. "विचारलंही नाही. मला वाटलं मला माहीतच आहे."

ऑरेलियाने तिथूनच ब्रेंडन साल्सेडोला फोन लावला. एकच प्रश्न. पॉलिग्राफला जाण्याआधी कॅपने तुला काय सांगितलं?

"कॅपने?" पोरगा हसला. "पोटभर नाश्ता कर आणि खरं बोल, म्हणाले. का हो?"

"श्वासाबद्दल काही?"

"श्वास? तो मुखवट्यात असताना. खुर्चीत कशाला?"

मग शाळेच्या बसवाल्याला, फिलिपिन्सच्या रोमुलोला. त्याने आधी इकडचं तिकडचं केलं. मग म्हणाला, जाऊ दे ताई, आता कशाला, तो माणूस भलाच करायला गेला होता. खुर्चीत मुखवट्यातला श्वास घे, मन शांत राहतं, म्हणाला. आणि कुणाला सांगू नकोस, शिकवणी चालत नाही, आपण दोघंही अडकू.

नाव तिने विचारलं नाही. ते तिला मंगळवारपासून माहीत होतं. *इतक्या चांगल्या पोराने नुसत्या श्वासावर जावं.* फरीदूनला कारण सांगितलं नव्हतं. चीफला सांगितलं नव्हतं. केटरिंगच्या कपाटातली गोष्ट रस्सा ढवळणाऱ्या माणसाला कळली कशी? कळली नव्हती. त्याला आधीच ठाऊक होती.

५

कॅप ठाण्यामागच्या अंगणात ओले पाइप वाळत घालत होता. ऑरेलियाने दुसरं टोक धरलं. जुनी सवय. दोघांनी मिळून एक पाइप टांगला.

"केटरिंगला तुम्ही किती वर्षं ओळखता, कॅप?"

"तो शेरिफकडे होता तेव्हापासून. का?"

"मग तुम्हाला माहीत होतं, तसा श्वास कागदावर दिसला की तो काय म्हणेल. आणि बाहेरच्या देशातल्या माणसाचा असला तर पुढे विचारणारही नाही. ब्रेंडनला म्हणालात, नाश्ता कर. फरीदूनला म्हणालात, मुखवट्यातला श्वास घे आणि कुणी शिकवलं म्हणून सांगू नकोस. खड्डा तुम्ही खणलात. ढकलायचं काम केटरिंगच्या मनाने केलं, त्याला न कळता."

तो नाही म्हणेल अशी तिला फार आशा होती. कॅपने हात पँटला पुसले.

"फरीदून बोलला?"

"नाही. मेला तरी बोलणार नाही. तुम्हाला उस्ताद मानतो तो."

ते त्याला लागलं. तो पाइपच्या ढिगावर बसला.

"तुला सोमफोन आठवतो?" त्याने विचारलं.

चार नंबरवर सोमफोनला न आठवणारं कुणी नव्हतं. लाओसचा पोरगा, लांब पापण्या, सतत चिंगम. टायरच्या गोदामाच्या आगीत आत राहिला. ऑरेलिया त्या दिवशी बाहेर पंपावर होती. आतली तुकडी कॅपची होती.

"रेडिओवर त्याचा आवाज आला," कॅप म्हणाला. "त्याच्या भाषेत. मला एक अक्षर कळलं नाही. कुठे आहेस, कुठे आहेस, मी ओरडतोय, आणि तो त्याच्या भाषेत... पोरी, मी रोज ऐकतो तो आवाज. त्या दिवशी ठरवलं. माझ्या मागे धुरात असा माणूस नको, जो जीव जाताना मला न कळणाऱ्या भाषेत हाक मारेल. त्याच्याच भल्यासाठी. दुसरं काम करेल, जगेल तरी. मला ते लोक नकोसे नाहीत. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. तुम्ही त्यांची नावंसुद्धा नीट घेता."

कॅपने मान वळवून वाळत्या पाइपांकडे पाहिलं.

ऑरेलिया त्याच्या शेजारी बसली, गुडघा सरळ करून. पुढचं बोलणं तिला नको होतं. "चौकशीत रेडिओवरच्या बोलण्याची टेप वाजवली होती. तुम्ही बाहेर गेला होतात."

"मला ऐकवलं नसतं."

"मी बसले होते. कॅप, शेवटी तो त्याच्या आईशी बोलला, त्याच्या भाषेत. पण त्याआधी इंग्रजीत बोलला. स्वच्छ. मागची भिंत, सरकत्या दारापाशी, पाय अडकलाय. पुन्हा पुन्हा. तुम्ही तेव्हा बटण दाबून ओरडत होतात, कुठे आहेस. बटण दाबलेलं असलं की आपल्याला समोरचं ऐकू येत नाही. तुम्हीच शिकवलंत मला."

अंगणातल्या पाइपातून पाणी ठिबकत होतं, आणि उन्हात जमिनीवर पडताच वाळत होतं.

"कुणीच सांगितलं नाही," तो म्हणाला.

"सगळ्यांना वाटलं, तुम्हाला तेवढं तरी राहू द्यावं. तुम्ही एवढ्याशा गोष्टीवर तीन माणसांचा निकाल लावाल, हे कुणाला माहीत होतं?"

ती उठली. "मी सगळं वर देणार आहे. माझा कागद, केटरिंगचं म्हणणं, रोमुलोचं. आधीच्या दोघांचे शिक्केही त्यावर पुसता येतील. फरीदूनचा निकाल रद्द होईल, उद्या पुन्हा बसायला मिळेल. पण तोच प्रश्न येईल, कुणी शिकवलं का. खोटं तो बोलणार नाही. तुमचं नावही घेणार नाही. दिलेला शब्द तुमच्याकडे आहे, कॅप. तो परत तुम्हीच करू शकता."

त्याने वर पाहिलं नाही. ती फाटकापर्यंत गेली तरी तो तसाच बसून होता.

६

शुक्रवारी सकाळी केटरिंगने सूर्यफुलाच्या बिया आणल्या नव्हत्या. पाण्याचा जग मात्र भरून ठेवला होता.

चाचणीआधी सगळे प्रश्न उमेदवाराला वाचून दाखवायचे असतात. केटरिंग ते एकेक वाचत होता आणि फरीदून उत्तरं देत होता, पाठ ताठ, हात मांडीवर. ऑरेलिया कोपऱ्यात उभी होती. शेवटच्या प्रश्नाशी केटरिंग थांबला.

"या चाचणीसाठी तुम्हाला कुणी काही शिकवलं का?"

"हो."

"कुणी?"

फरीदून गप्प.

"मिस्टर नियाझी, हे मला विचारावंच लागतं. उत्तर नसेल तर मी पुढे जाऊ शकत नाही. अहवालावरून मला माहीत असलं तरी तुमच्या तोंडून यावं लागतं."

"मला समजतं, साहेब."

"मग?"

"मला समजतं," फरीदून पुन्हा म्हणाला, आणि घड्याळाचे काटे अकराच्या पुढे सरकले. केटरिंगने त्याला पाणी दिलं. तो प्यायला, आभार मानले आणि पुन्हा गप्प बसला. ऑरेलियाने खिडकीतून चार नंबरकडे पाहिलं. अंगण रिकामं होतं. बाहेर फोन वाजला. साल्सेडोच्या कचेरीतून, नावं पक्की करायची आहेत, उशीर किती?

दारावर टकटक झाली.

कॅप गणवेशात नव्हता. साधा सदरा, आणि रात्रभर न झोपलेल्या माणसाचे डोळे. तो आत आला नाही, उंबऱ्यातच उभा राहिला. फरीदून त्याला पाहताच उठून उभा राहिला, आणि ते पाहून कॅपने दाराची चौकट धरली.

"बस, फरीदून."

फरीदून उभाच.

"तुला निकाल लागला तेव्हाच कळलं असेल ना? मी काय केलं ते."

"कळलं, उस्ताद."

"आणि तरी?"

"शब्द दिला होता."

कॅपने मान हलवली. माफी मागायला तो आला असावा, पण ती त्या दारातून आत येणार नाही हे त्याला उभ्या उभ्या उमगलं असावं.

"तो शब्द मी परत घेतो," तो म्हणाला. "हा विचारेल तेव्हा माझं नाव घे. पूर्ण नाव. डेल ऑस्टरमन. आणि श्वास... जसा येईल तसा घे."

"घेईन, उस्ताद."

कॅप वळला. ऑरेलियाच्या जवळून जाताना क्षणभर थांबला. "टेप कुठे मिळते?" त्याने हळूच विचारलं. तिने सांगितलं. तो जिना उतरून गेला, आणि राजीनामा खाली साल्सेडोच्या टेबलावर ठेवून आला होता हे सगळ्यांना दुपारी कळलं.

फरीदूनने केटरिंगला ते पूर्ण नाव सांगितलं. केटरिंगने नळ्या बांधल्या, पट्टा फुगवला. एकेक प्रश्न शांतपणे, मध्ये अंतर सोडून विचारला. खोलीत यंत्राच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता.

"या चाचणीसाठी तुम्हाला कुणी काही शिकवलं का?"

"हो."

"त्यांचं नाव तुम्ही मला खरं सांगितलं आहे का?"

"हो," फरीदून म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण बोटांची रेघ जागची हलली नाही. कागदावर टेकड्या सरकत होत्या. चढ, उतार, चढ, उतार.

केटरिंगने पट्टा सोडला, फोन उचलला आणि चीफला एक शब्द सांगितला.

कोपऱ्यात ऑरेलियाने आतापर्यंत धरून ठेवलेला श्वास सोडला, आणि तोही गुणगुणत.